मिशीवाली दोलोरेस

"रडली का?" फिलेमोन शिंप्यानं दारातून विचारलं आणि पेला घ्यायला हात पुढे केला.

"अजून नाही," एव्हारिस्तो म्हणाला.

फिलेमोनचा हात तसाच पुढे राहिला. तो एकशे त्रेचाळीस पायऱ्या चढून आला होता, त्यामुळे आधी त्याला वाटलं की दम लागल्यामुळे ऐकण्यात काही गडबड झाली. त्यानं श्वास घेतला, टोपी काढली आणि पुन्हा नीट विचारलं.

"मी म्हणतोय, माता रडली का?"

"आणि मी म्हणतोय, अजून नाही."

फिलेमोननं वळून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली उभा होतो, शेजारधर्म म्हणून आणि थोडा फुकटच्या सरबतासाठी. मी शहरातल्या ममींच्या संग्रहालयात तिकिटं फाडतो. दिवसभर वाळलेल्या माणसांच्या सहवासात काढल्यामुळे कोण किती वेळ न हलता उभं राहू शकतं याचा मला अंदाज आहे. फिलेमोननं त्या सकाळी आमच्या दोन-तीन जुन्या मंडळींना मागे टाकलं.

कारण आमच्या शहरात, ग्वानाह्वातोत, हा प्रश्न नाहीच, ही दाराची बेल आहे. पवित्र आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी, दोलोरेस मातेच्या, म्हणजे क्रुसावरच्या लेकासाठी रडणाऱ्या आईच्या दिवशी, घराघरात तिची वेदी मांडतात. जांभळं कापड, अंधारात रुजवलेले गव्हाचे पिवळे कोंब, सोनेरी कागदाची निशाणं टोचलेली कडू संत्री, आणि मधोमध ती, काळजात सात सुऱ्या घेऊन. दारं उघडी असतात. येणाऱ्यानं विचारायचं, "रडली का?" घरच्यांनी म्हणायचं, "रडली, रडली." मग तिची आसवं म्हणून हातात सरबताचा पेला. लिंबाचं, अंबाडीच्या बोंडांचं, नाहीतर बीट आणि शेंगदाणे घातलेलं. ते पिऊन पुढच्या घरी जायचं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराच्या पोटात आसवं डचमळत असतात. पण 'नाही' असं उत्तर माझ्या आजीनं कधी ऐकलं नव्हतं, तिच्या आजीनंही नाही. त्यामुळे 'नाही'च्या पुढे काय करायचं, हे कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

"मग मी आता काय करू?" फिलेमोननं विचारलं.

"थांबा हवं तर. खुर्ची एकच आहे."

"जाऊ शकतो का मी?"

एव्हारिस्तोनं यावर खरोखरच विचार केला. "विचारून तर झालंय तुमचं," तो म्हणाला. "उत्तर न घेता जाणं बरं दिसणार नाही."

फिलेमोन खुर्चीत बसला. मी पायरीवर बसलो.

एव्हारिस्तो म्हणजे आमचा चावीवाला. पाणी खात्यात एकतीस वर्षं. हातभर नव्हे, चांगली छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो डोंगरावरच्या गल्ल्यांमधून फिरतो आणि रस्त्यातली झाकणं उचलून कुणाला कधी पाणी मिळणार ते ठरवतो. खरं तर ठरवत नाही. वेळापत्रक ठरवतं. तो फक्त वेळापत्रकाचा हात आहे. आमच्या 'थकलेल्या खेचराच्या गल्ली'चा वार शनिवार, सकाळी आठ ते दहा. आठ म्हणजे आठ. आठला एक मिनिट कमी असताना झाकणाशी उभा राहून घड्याळाकडे बघणारा एव्हारिस्तो आणि बादल्या घेऊन एव्हारिस्तोकडे बघणारी गल्ली, हे दृश्य मी जन्मापासून बघतोय.

त्याला त्याच्या नावानं हाक मारणारी फक्त त्याची बायको होती. बाकी सगळ्यांसाठी तो दोलोरेस. कारण उघड आहे. वर्षातून एक दिवस लोक मातेबद्दल विचारतात की रडली का, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याच्याबद्दल. "दोलोरेस रडली का रे?" म्हणजे नळाला पाणी आलं का. दोलोरेस म्हणजे दुःखं, अनेकवचनात. अठ्ठावन्न वर्षांच्या, भरघोस मिशीच्या, नव्वद किलोच्या माणसाला हे नाव शोभत नाही असं पहिल्या वर्षी वाटलं असेल. आता मिशी नसलेल्या दोलोरेसच आम्हाला खोट्या वाटतात.

बायको, आम्पारो, ऑगस्टमध्ये गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. वेदी तीच मांडायची. तिच्याकडचं लिंबाचं सरबत प्यायला लोक एकशे त्रेचाळीस पायऱ्या चढून यायचे आणि उतरताना म्हणायचे की पायऱ्या एवढ्या नव्हत्याच. एव्हारिस्तो त्या दिवशी कामावर असायचा. या वर्षी त्यानं एकतीस वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारची रजा टाकली. रजेचा अर्ज मी लिहून दिला. कारणाच्या रकान्यात त्यानं 'वेदी' लिहायला सांगितलं. खात्यातल्या साहेबांना ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं असावं, कारण लगेच मंजूर झाला.

तर वेदी होती, आणि बरी होती. गहू त्यानं पलंगाखाली रुजवला होता. निशाणं जरा मोठी झाली होती, त्यामुळे संत्री एखाद्या आरमारासारखी दिसत होती. मातेच्या काळजातली सातवी सुरी कधीच हरवलेली, तिथे आम्पारोची विणायची सुई होती, ती त्यानं हलवली नव्हती. मातेसमोर आम्पारोचा मोठा मातीचा माठ होता, त्यावर पळी, शेजारी उपडे घातलेले चोवीस पेले.

माठ रिकामा होता. बसल्या जागेवरून फिलेमोननं नखानं तो वाजवून बघितला, शिंप्याच्या बोटांना सगळं तपासायची सवय असते.

"पाणी नाही होय," तो म्हणाला.

एव्हारिस्तोनं माठावरची पळी पुसून परत ठेवली.

"खालच्या दुकानातून बाटल्या आणू?" मी विचारलं.

"बाटलीवर काय लिहिलेलं असतं?"

"डोंगरातल्या झऱ्याचं पाणी."

"म्हणजे ती दुसऱ्याच कुठल्या डोंगरावर रडलेली. आम्पारो घरच्या नळाचंच वापरायची."

मग आम्ही तिघंही कोपऱ्यात बघायला लागलो. कोपऱ्यात चावी उभी होती. आमच्या गल्लीचं झाकण एकसष्टाव्या पायरीवर. इथून ब्याऐंशी पायऱ्या खाली, तेही उताराच्या.

"पाच मिनिटं," फिलेमोन चावीला उद्देशून म्हणाला.

"आज बाजाराचा वार आहे."

"बाजाराला पाच मिनिटं कळणारसुद्धा नाहीत."

"मासे धुवायला बसलेल्या बायकांना कळतील."

"कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"तेच तर," एव्हारिस्तो म्हणाला. "कुणीच विचारणार नाही."

"मग दार तरी लावून घ्यायचं होतंत. लोकांना वाटलं असतं, या वर्षी सुतक आहे."

"ती दहाला दार उघडायची. दहाला उघडलं." त्यानं संत्र्याचं एक निशाण सरळ केलं. "विचारलं की खरं सांगायचं. एवढंच माझ्या हातात आहे."

तोवर आणखी लोक यायला लागले होते. प्रत्येक जण दारात येई, विचारी, 'अजून नाही' ऐके, आणि फिलेमोनसारखाच पेचात पडून पायरीवर बसे. नियम एव्हाना पक्का झाला होता आणि फिलेमोन तो जुन्या जाणत्यासारखा समजावून सांगत होता: विचारून झालं असेल तर उठता येत नाही. अकराच्या सुमाराला रांग शंभराव्या पायरीपर्यंत गेली. शेंगदाणेवाला आला, कारण जिथे लोक बसतात तिथे तो येतो.

बातमीही उतरत होती. नव्वदाव्या पायरीवर ती 'चावीवाल्याकडची माता अजून रडली नाही' अशी होती. साठाव्या पायरीवर मातेनं रडायला नकार दिला होता. तिसाव्या पायरीवर ती पाणी खात्यावर रुसली होती. खाली चौकात पोचेपर्यंत एक मिशीवाली दोलोरेस दुपारी रडणार असल्याचं ठरलं होतं, आणि मोन्तेर्रेहून आलेलं एक जोडपं कॅमेरा घेऊन विचारत होतं की तिकीट कुठे मिळतं. तिकिटाचा विषय निघाल्यावर लोकांनी सवयीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

साठाव्या पायरीवरच्या बातमीनं एक दार मात्र उघडलं. ते चोनाबाईंचं.

चोनाबाई आणि एव्हारिस्तो कोमाद्रे-कोंपाद्रे. म्हणजे चोनाबाईंच्या इमेल्दाच्या बाप्तिस्म्याला एव्हारिस्तो धर्मपिता होता. हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड, कारण रक्ताच्या नात्यात निदान अरे-तुरे करता येतं. कोंपाद्रेला 'तुम्ही'च म्हणावं लागतं, कितीही भांडण असो. आणि भांडण नऊ वर्षांचं होतं. इमेल्दाच्या लग्नाचा दिवस बुधवार होता. लेओनहून एकेचाळीस पाहुणे आलेले, घरात पाणी संपलेलं, आणि झाकण दारासमोर. चोनाबाईंनी कोंपाद्रेला अर्ध्या तासासाठी चावी फिरवायला सांगितली. कोंपाद्रे म्हणाले, "आज शनिवार नाही, कोमाद्रे." नवरदेवानं चिंचेच्या सोड्यानं तोंड धुतलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो चमकतो, आणि त्याच्या डाव्या गालावर एक मधमाशी आहे. तेव्हापासून चोनाबाई एव्हारिस्तोच्या घरी चढल्या नव्हत्या. रस्त्यात भेट झाली तर "तुमचा मुडदा बसवला" असं, पण 'तुमचा', म्हणायच्या.

आम्पारोच्या अंत्ययात्रेलाही त्या त्यांच्या दारातूनच सामील झाल्या, पेटी खाली येईपर्यंत उभ्या राहून.

आता त्या चढत होत्या. गुडघा वाईट, त्यामुळे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. आम्ही वरून बघत होतो. पायऱ्यांवर बसलेले लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. एव्हारिस्तोनंही बघितलं आणि आत जाऊन शर्टाचं वरचं बटण लावलं.

चोनाबाई दारात आल्या. फिलेमोन खुर्चीतून उठला. त्या बसल्या नाहीत.

"रडली का, कोंपाद्रे?"

"अजून नाही, कोमाद्रे."

"का?"

हा प्रश्नही आजवर कुणी विचारला नव्हता.

"पाणी नाही," एव्हारिस्तो म्हणाला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यानं हजारदा उच्चारलं असेल, पण ते दुसऱ्याच्या घराबद्दल. स्वतःच्या घराबद्दल म्हणताना त्याला ते नीट जमलं नाही.

चोनाबाई वेदीकडे गेल्या. कोंबांवरून हात फिरवला. निशाणं बघून ओठ मुडपले. विणायच्या सुईपाशी थोड्या थांबल्या. मग माठात वाकून बघितलं, बराच वेळ, जणू तळाशी कुणी असावं.

"दरवर्षी यात पाणी कुठनं यायचं, काही माहितीय?"

"आम्पारो शनिवारी भरून ठेवायची. झाकून. मीही ठेवला होता मागच्या शनिवारी नळाखाली. तळ ओला झाला तेवढाच. ते गव्हाला घातलं. यंदा धरणातच कमी आहे."

"यंदा."

"हो."

"कोंपाद्रे, तुमच्या नळाला पाणी कधी होतं? ते एवढं वर चढतच नाही. शिट्टी वाजते, हवा येते, शेवटी दोन तांबे. तुम्ही अंघोळ करता खात्याच्या आवारात, जेवता बाजारात. तुम्हाला कसं कळणार? अख्ख्या डोंगराचं पाणी पाठ आहे तुम्हाला. स्वतःच्या घरातलं सोडून."

एव्हारिस्तोनं नळाकडे बघितलं. नळानं काही मदत केली नाही.

"शनिवारी आठला तुम्ही चावी फिरवायचात," चोनाबाई म्हणाल्या, "घड्याळ बघायचात, आणि पुढच्या गल्लीला लागायचात. तुम्ही वळणावर गेलात की ती माझ्या दारात. दोन बादल्या. 'रडली का, चोना?' म्हणायची आणि हसायची. बारा महिने. आणि दोलोरेसच्या आधीच्या शनिवारी दोन खेपा."

"लग्नाच्या आधी ना?"

"आधी आणि नंतर. भांडण तुमच्याशी होतं. तिनं माझं काय केलं होतं? आणि हिनं तरी?" त्यांनी मातेकडे हनुवटी उडवली. "नऊ वर्षं तुमची दोलोरेस माझ्या नळानं रडतेय."

बाहेर पायऱ्यांवर कुणी शेंगदाणासुद्धा सोलत नव्हतं.

"ती मला बोलली नाही," एव्हारिस्तो म्हणाला.

"बोलली असती तर तुम्ही वेळापत्रक काढलं असतंत." मग जरा हळू, "ती म्हणायची, त्याला वाटू दे. सगळ्यांना पाणी सोडतो बिचारा, त्याला वाटू दे की घरीही सोडतो."

एव्हारिस्तोनं माठाच्या काठावरून बोट फिरवलं.

"मागच्या शनिवारीसुद्धा भरून ठेवल्या होत्या मी," चोनाबाई म्हणाल्या. "चार बादल्या, दारात. म्हटलं, या वर्षी माणूस स्वतः येईल. तुम्ही झाकण लावलंत, बादल्यांकडे बघितलंत, मला वाटलं आता विचारतील. तर म्हणालात, 'कोमाद्रे, रस्ता अडतोय.'"

"अडत होता," एव्हारिस्तो म्हणाला.

"त्या अजून आहेत. आतल्या खोलीत. झाकून."

एव्हारिस्तोनं पेल्यांकडे बघितलं. एक उचलला, पुसला, परत उपडा ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याची मिशी हलायला लागली. आधी डावी बाजू, मग उजवी. तो मान खाली घालून पेला पुसत राहिला, पण पेला कोरडा होईना, कारण वरून ओला होत होता.

फिलेमोन शिंपी दाराच्या चौकटीत उभा होता. त्याची नजर मापाची आहे, अर्ध्या बोटाचा फरक त्याला लांबून कळतो. त्यानं टोपी छातीशी धरली, पाठीमागे वळला आणि खालच्या पायरीवरच्या माणसाला हळूच सांगितलं,

"रडली."

"कोण?"

"दोलोरेस."

त्या माणसानं खालच्याला सांगितलं. त्यानं त्याच्या खालच्याला. त्या दिवशी पहिल्यांदा एखादी बातमी आमच्या गल्लीतून जशीच्या तशी खाली गेली. शंभराव्या पायरीवर 'रडली', साठाव्या पायरीवर 'रडली', तिसाव्या पायरीवर 'रडली', चौकात 'रडली'. मोन्तेर्रेच्या जोडप्यानं कॅमेरा वर केला आणि मग, का कोण जाणे, खाली घेतला.

वर यायला सगळ्यात आधी निघाल्या त्या बादल्या. इमेल्दा आणि तिचा नवरा दोन-दोन घेऊन चढले. नवरा मधमाश्यांना अजूनही घाबरतो, चढताना फुलांच्या कुंड्यांपासून लांब चालत होता. त्यांच्या मागून प्रत्येक दारातून काही ना काही निघालं. कुणाकडे बिटाचं उरलेलं सरबत, कुणाकडे अंबाडीचं, सत्तराव्या पायरीवरून लिंबं, एकोणिसाव्या पायरीवरून बर्फाची लादी, ती वर पोचेपर्यंत मुठीएवढी झाली. सगळं आम्पारोच्या माठात गेलं. जो रंग झाला त्याची जबाबदारी एकही फळ घ्यायला तयार झालं नसतं.

मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण सगळ्यांचं विचारणं वाया गेलं होतं. फिलेमोन एक पायरी खाली उतरला, पुन्हा चढला, टोपी काढली.

"रडली का?"

"रडली, रडली," एव्हारिस्तो म्हणाला आणि पळीनं पेला भरून दिला.

त्यानंतर त्यानं तेच उत्तर अडीचशे वेळा दिलं असेल. प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे, समोरच्याला अजून कळलंच नसावं अशा थाटात. चोनाबाई मागे खुर्चीत बसून पेले विसळत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "हात आखडू नका, कोंपाद्रे, हे काही खात्याचं नाही." सरबताला गोड, आंबट आणि थोडी मातीची चव होती. मी तीन पेले प्यायलो. त्यातला एक शेजारधर्म म्हणून.

दुसऱ्या दिवशी शनिवार.

आठला एक मिनिट कमी असताना एव्हारिस्तो एकसष्टाव्या पायरीवर, झाकणाशी, घड्याळाकडे बघत उभा होता. आम्ही बादल्या घेऊन त्याच्याकडे बघत होतो. कालचा दिवस होऊन गेल्यावर तो एखादं मिनिट इकडेतिकडे करेल अशी फिलेमोनला आशा होती. आठ वाजले. त्यानं चावी फिरवली. डोंगरात खालून कुठून तरी घरघर आली, नळांनी शिट्ट्या मारल्या आणि पाणी आलं.

पुढच्या गल्लीची वेळ साडेआठची. तिकडच्या कोपऱ्यावर तो नेहमी कॉफी प्यायचा. आज त्यानं झाकण लावलं, चावी खांद्यावर टाकली, आणि भिंतीच्या आडोशाला ठेवलेल्या आम्पारोच्या दोन बादल्या उचलल्या. रिकाम्या. त्या घेऊन तो चोनाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. रस्ता अडत होता. मला खाली कामावर जायचं होतं, पण मी काही बोललो नाही.

"रडली का, कोमाद्रे?" त्यानं विचारलं.

आतून पिंपात धार पडण्याचा आवाज येत होता, चांगला जाड. चोनाबाई हात पुसत बाहेर आल्या. बादल्यांकडे बघितलं. मिशीकडे बघितलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि पायानं खुर्ची पुढे सरकवली.

एव्हारिस्तोनं चावी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि बसला. आत पिंप भरून वाहायला लागलं होतं.